सात संत्र्यांची धास्ती

मी एक जुना पितळी डबा आहे. उभट, कडीचा, झाकण घट्ट बसणारा. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने भित्रा. बारामतीच्या तांबटाने ठोकताना मला जो धसका बसला, तो अजून गेलेला नाही. कुणी झाकणाला हात लावला तरी माझ्या पोटात धस्स होतं.

सांगवीच्या फुलाबाईने मला विकत घेतलं. नवरा वारल्यावर तिने कालव्याकाठी एकटीने मोसंबीची बाग लावली होती. पाच वर्षं लेकरांसारखी झाडं जपली होती आणि येत्या साली पहिला बहार धरायचा होता. मलाही ती राखेने लख्ख घासायची, आतून कल्हई करून घ्यायची. "डबा कसा सोन्यावानी हाय बघा," असं शेजारणींना सांगायची. मला फार बरं वाटायचं. माझे सुखाचे दिवस तेवढेच म्हणायचे.

साल छपन्न. फुलाबाईचा धाकटा भाऊ रावजी मुंबईहून आफ्रिकेतल्या मोंबासाला जाणाऱ्या आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला. निघताना तिने माझ्यात डिंकाचे लाडू भरले आणि मला त्याच्या हातात दिलं.

"डबा रिकामा आणू नगंस बरं का," ती म्हणाली.

"न्हाय आणत, आक्का."

आमच्याकडे रीतच आहे. कुणाचा डबा आला, की तो धुऊन तसाच परत करत नाहीत. चार शेंगा, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच द्यायचा. रीत चांगली आहे हो! पण त्या रीतीनेच आम्हाला घोर लावला.

समुद्रावर माझी काय गत झाली ते विचारू नका. लाडू चार दिवसांत संपले. मोंबासाच्या बाजारात रावजीने सात मोठाली संत्री घेतली, माझ्यात रचली आणि झाकण लावलं. परतीच्या वाटेवर तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी वळवळलं. आधी वाटलं, भास झाला असेल. मग पुन्हा वळवळलं. एका संत्र्याच्या सालीला टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पांढरी अळी डोकावत होती. अरे देवा! मी जिवाच्या आकांताने खडखडलो, पण आगबोटीत सगळंच खडखडत असतं. कोण लक्ष देतो?

मुंबई बंदरात उतरणाऱ्यांची रांग लागली. एक साहेब एकेकाचं सामान तपासत होते. आमच्या पुढच्या म्हातारबांच्या पिशवीतली फळं त्यांनी काढून घेतली, तसे म्हातारबा चिडले.

"नातवासाठी आणलीत मी! खायच्या वस्तूला कसली आलीय बंदी?"

साहेबांनी एक फळ चिरून त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, ही अळी बघा. हिची माशी होते आणि ती माशी फळाफळात अंडी घालत सुटते. तिकडे तिला खाणारे किडे आहेत, आपल्याकडे ते नाहीत. एकदा बागेत शिरली, की कुणाच्या बापाला हाकलता यायची नाही. बोटीवर पोटभर खा, पण खाली उतरवू नका."

रावजीने सगळं ऐकलं. मी त्याच्या बगलेत होतो. त्याचा घाम मला लागत होता. काढ रे बाहेर, काढ ती संत्री, असं मी मनात घोकत होतो.

"डब्यात काय?" साहेबांनी विचारलं.

"लाडू हायेत सायेब. भनीनं दिल्यात."

साहेबांनी हाताने पुढे जायची खूण केली. संपलं! तिथून दौंड, दौंडहून बारामती, पुढे बैलगाडी. वाटभर माझ्या पोटात ते वळवळणं चालूच होतं.

फुलाबाईने झाकण उघडलं आणि हरखलीच. "आगं बया! केवढाली ही!" शेजारची साखरबाई दारातच उभी होती. तिच्या हातावर तिने लगेच एक संत्रं ठेवलं. उरलेली वाटायला तिने पाच घरं बोटांवर मोजली, आणि पाचही घरांच्या बागा! माझा जीव टांगणीला लागला. पण आधी एक देवापुढे ठेवायचं म्हणून तिने विळी घेतली आणि संत्रं चिरलं.

ती बघतच राहिली. बागेतल्या किड्यामुंग्यांची तिला पोरांइतकी ओळख होती. "रावजी, ही अळी आपल्याकडची न्हाय."

रावजीचं तोंड उतरलं. त्याने बंदरावरचं सगळं सांगून टाकलं.

"ठावं असून आणलीस? आरं, पाच वर्सं हाडाची काडं केली म्या! तू भाऊ हायेस का वैरी?"

सहाच्या सहा संत्री तिने पेटत्या चुलीत घातली. मग सातवं आठवलं, तशी मला तसंच हातात धरून ती साखरबाईकडे धावली.

"आंबूस लागलं गं," साखरबाई म्हणाली. "अर्धं उकिरड्यात टाकलं."

"पेटीव तो उकिरडा! आत्ताच्या आत्ता!"

"वर्साचं खत हाय त्ये, फुलाबाय! माझी वांगी कशावर येतील?"

"माझं खत ने समदं. पर ह्ये पेटीव."

पाचट टाकून दोघींनी उकिरडा पेटवला. तो सांजेपर्यंत धुमसत होता. घरी आल्यावर फुलाबाईने मला उकळत्या पाण्यात बुडवलं. मी हूं की चूं केलं नाही. साखरबाईने मात्र त्या दिवसापासून अबोला धरला.

पुढचे दहा महिने आम्हाला चैन पडलं नाही. एखादी अळी राखेतून, मातीतून वाचली असेल तर? रोज सकाळी फुलाबाई बागेत जायची, गळलेलं फळ न् फळ माझ्यात उचलायची आणि घरी आणून चिरून बघायची. रावजीची पत्रं आली, तिने उत्तर धाडलं नाही.

पहिला बहार उतरायच्या दिवशी रावजी रजा घेऊन आला आणि बांधावरच उभा राहिला. या म्हणायला कुणी नव्हतं. फुलाबाईने एकेका झाडाची मोसंबी चिरायला घेतली. एक, दोन, पाच, नऊ. दहावीही स्वच्छ निघाली. तिने विळी बाजूला सारली आणि मातीत बसून मोठ्याने रडली.

तेवढ्यात दहा महिन्यांचा अबोला मोडून साखरबाई आली. विळी ओढून तिने अकरावी मोसंबी स्वतः चिरली आणि अर्धी फोड रावजीच्या हातात कोंबली. "खा. अन् पुन्यांदा सायेबाफुडं खोटं बोललास तर बघ!"

रावजीने ती खाल्ली आणि आक्काशेजारी मातीत बसला.

आता मी माळ्यावर पडून असतो. स्टीलचे डबे आल्यापासून मला कुणी घासत नाही, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, परमुलखातून येताना सामानात फळ असेल आणि बंदरावर कुणी विचारलं, तर खरं काय ते सांगा. पोटात काय आहे ते मला सगळं कळत होतं, पण मी पडलो डबा. तुम्हाला देवाने तोंड दिलं आहे.