आईच्या पायाखालची चटई

“अगं, तुझ्या त्या चटईवर पाय ठेवला की झिणझिण्या येतात मला.”

“येऊ देत ना, आई! म्हणजे ती काम करतेय.”

मित्रांनो, एका आईचं आणि तिच्या लेकीचं फोनवर झालेलं हे एवढंसं बोलणं. आईने फोनचा स्पीकर लावून तो माझ्यावरच ठेवला होता, म्हणून मला दोघींचंही ऐकू आलं. आई पुढे काहीतरी सांगणार होती. पण तिकडे लेकीच्या कडेवरची चिमी रडायला लागली, दूध उतू गेलं की काय कोण जाणे, आणि “ठेवते गं, नंतर बोलू” म्हणून फोन बंद झाला. तो विषय पुन्हा निघालाच नाही.

मी एक जुनी अर्थिंगची चटई आहे. तशी वयाने मी फार मोठी नाही. पण वापरातून उठलेल्या वस्तूला कुणी नवी म्हणत नाही. सध्या मी एका कपाटावर गुंडाळी होऊन पडले आहे. अंगावर धुळीचा थर आहे आणि माझी वायर माझ्याच भोवती आवळून बांधली आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे रबरासारख्या लगद्यात काळी भुकटी मिसळत, म्हणजे माझ्या अंगातून वीज वाहू शकावी. मग मला लाटलं, कापलं, माझ्या एका कोपऱ्यात टिचबटण बसवलं आणि त्याला एक वायर जोडली. वायरीच्या टोकाला थ्री-पिन आली. पण तिच्या दोन पिना नुसत्या प्लास्टिकच्या, दिखाऊ. वरची जाड पिन तेवढी खरी. त्या पिनेतून मी भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेला जोडली जाते. ती तार घरातून निघून जमिनीत खोल पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते. घरातल्या एखाद्या यंत्रातून वीज भलतीकडे निसटली, तर तिला माणसाच्या अंगाऐवजी मातीची वाट दाखवायची, हे त्या तारेचं खरं काम. मी आपली त्या तारेची पाहुणी.

माझ्या खोक्यावर हसऱ्या चेहऱ्याने गाढ झोपलेली एक बाई छापली होती. माझ्यामुळे झोप लागते, असं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खरंच लागते का, हे मला आजही ठाऊक नाही. मला कधी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार?

मला विकत घेतलं ते लेकीने. ती तरुण होती, शिकलेली होती आणि सदानकदा काळजीत असायची. तिच्या घरी टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मऊ स्पंज चिकटवलेला होता. जमिनीलगतच्या प्रत्येक सॉकेटवर पट्टी होती. चिमी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, हे ती पाहायची. तिचा नवरा म्हणायचा, “अगं, तू बघत बसलीस की ती जागी होते!”

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बैठ्या घरात एकटी राहायची. वडील गेल्यापासून आईची झोप उडाली होती. लेकीला दोन बस बदलून तिथे पोचावं लागे, आणि कडेवर मूल घेऊन ते रोज जमत नव्हतं. म्हणून तिने मला घेतलं. स्वतः जाता येत नाही, तर निदान काहीतरी जाऊ दे, एवढाच तिचा हेतू.

माझ्यासोबत खोक्यात एक अंगठ्याएवढा टेस्टर आला होता. सॉकेटमध्ये खोचायचा, अर्थिंग असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. लेकीने मला आधी स्वतःच्याच घरी उघडलं. टेस्टर खोचला. हिरवा दिवा लागला. मला जोडून पाहिलं, पिन हलवून पाहिली, पुन्हा हिरवा.

“आता चटईचीसुद्धा परीक्षा?” नवरा हसला.

“आईसाठी आहे. तपासल्याशिवाय कशी देऊ?”

मी पास झाले, मित्रांनो. टेस्टर स्वयंपाकघरातल्या खणात गेला, मेणबत्त्या आणि रबरबँडांच्या सोबतीला. मी पिशवीत गेले. तपासलं होतं मला. पण जी तार तपासायची होती, ती माझ्यात नव्हतीच. ती आईच्या घराच्या भिंतीत होती.

आईने माझं कौतुक केलं नाही, पण मला मानाने वागवलं. खिडकीलगतच्या खाटेवर पायांच्या बाजूला मला अंथरलं, सुरकुती पडली की हाताने सारखं केलं. लेक रोज फोनवर विचारायची, “झोप लागली का?” आणि आई म्हणायची, “लागली हो. खरं सांगू का, तुझ्या चटईने माझ्यापेक्षा तुझीच झोप सुधारलीये.”

ते खरं होतं. लेकीचा आवाज आता हलका झाला होता.

आईचा दिवस ठरलेला. दुपारी जेवण आटोपलं की न्हाणीघरातलं धुण्याचं मशीन लावायचं आणि ते घरघरत असेतो खाटेवर आडवं व्हायचं. पाय माझ्यावर आणि एक हात खिडकीच्या लोखंडी गजाला. वडील होते तेव्हापासूनची सवय. बाहेर फाटक वाजलं की गज धरून ती मान उंचावून बघायची. आता बघण्यासारखं कुणी येत नव्हतं, पण हात आपला तिथेच जायचा.

आणि तेव्हाच त्या झिणझिण्या यायच्या. मला त्या तिच्याही आधी कळायच्या. भिंतीकडून माझ्याकडे काहीतरी सरसरत यायचं. खरं तर माझ्याकडून भिंतीकडे जायला हवं होतं. मी बोलू शकत नाही. माझ्या वायरीत मण्याएवढा एक अडथळा बसवला आहे, त्यामुळे माझ्यातून कुणाला जोराचा धक्का बसत नाही. फक्त झिणझिण्या येतात. मला तेवढंच बोलता येत होतं, आणि ते मी बोलत होते.

आईला ते अर्धंमुर्धं समजलंही होतं. एकदा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, तेव्हा ती म्हणाली, “गंमतच आहे बाई. मशीन चालू असलं की येतात, मशीन थांबलं की जातात.”

“फुकटचा मसाज गं!” काकू म्हणाल्या. “मला झोपू दे तिच्यावर एखाद दिवस.”

दोघी हसल्या. लेकीने ‘कधी येतात?’ एवढं विचारलं असतं, तर हेच उत्तर तिलाही मिळालं असतं. पण तिला वाटलं होतं, झिणझिण्या म्हणजे चटई चालू असल्याची खूण. तिने जे आणलं, ते आईला लागू पडतंय याचा तिला इतका आनंद झाला होता की पुढचं विचारायचं राहून गेलं.

त्या दुपारी आई आडवी झाली नाही. ऊन छान होतं, कपडे लवकर वाळत घालावेत असं तिच्या मनात आलं असावं. ती अनवाणीच न्हाणीघरात गेली. मशीन अजून चालू होतं. काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मग फक्त घरघर. जरा वेळाने मशीनने धुणं झाल्याची शिटी वाजवली. एकदा, पुन्हा एकदा. फोन माझ्यावरच होता. तो उजळला, थरथरला, थांबला. परत थरथरला. लेकीने शेवटी काकूंना फोन केला.

सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालं होतं, एकटी होती, झोप नव्हती. डॉक्टरही तेच म्हणाले. ओल्या फरशीकडे, मशीनकडे कुणी पाहिलं नाही. कशाला पाहतील?

माणसं आली, गेली. मग एके दिवशी घर आवरायला लेक चिमीला घेऊन आली. आईच्या चादरी, उशांचे अभ्रे तिने गोळा केले. एक चादर नाकाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग जणू चोरी पकडली गेल्यासारखी घाईने सगळं मशीनमध्ये टाकून, बटण दाबून आली. चिमीपुढे वाट्या-चमचे मांडून दिले आणि स्वतः खाटेवर आईच्या जागी बसली. चपला तिने दारातच काढल्या होत्या. पाय माझ्यावर आले. बाहेर फाटक वाजलं. तिचा हात आपसूक गजाकडे गेला.

ती दचकली. हात काढला. पुन्हा लावला.

“झिणझिण्या,” ती पुटपुटली.

तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीतल्या सॉकेटकडे पाहिलं, मग घरघर येत होती तिकडे. आणि तेव्हा तिला दिसलं, की वाट्या-चमचे जागेवर आहेत आणि चिमी नाही.

“चिमी!”

चिमी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर होती. गोल काचेमागे फिरणाऱ्या चादरी बघून हरखली होती. एक अनवाणी पाय ओल्या फरशीवर, हात पुढे केलेला. लेकीने तिला मागून कवटाळून उचललं, त्या दोघी मागच्या मागे कोसळल्याच. चिमीने भोकाड पसरलं. लेकीने तिला छातीशी धरून मेन स्विच खाली ओढला. घर एकदम गप्प झालं. त्या शांततेत ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, “आई, तू सांगितलं होतंस. तू सांगितलं होतंस गं.”

संध्याकाळी नवऱ्याने खणातला तो अंगठ्याएवढा टेस्टर आणला. मशीनची पिन काढून ठेवली आणि मेन स्विच वर केला. लेकीने स्वतः माझ्या सॉकेटमध्ये टेस्टर खोचला. लाल. फ्रिजच्या, लाल. मशीनच्या, लाल.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. मशीनच्या आत एक वायर घासून उघडी पडली होती, ती वीज मशीनच्या पत्र्यात उतरत होती. अर्थिंगची तार धड असती तर ती मातीत गेली असती. तार तुटलेली, म्हणून ती घरभरच्या अर्थिंगच्या तारेतून माझ्यापर्यंत येत होती. तार कुठे तुटली हे शोधायला त्याने घरामागची फरशी उखडली. मी खिडकीतून सगळं ऐकत होते.

“ही बघा ताई. इथेच तुटलीये. फरशी बसवताना फावडं लागलं असणार.”

लेक त्या खड्ड्यापाशी खाली बसली. मग म्हणाली, “फरशी मीच बसवून घेतली होती. मागे चिखल होतो, आई घसरेल म्हणून.”

काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. “मला बोलली होती गं ती. मशीन लावलं की येतात म्हणाली होती. मी आपली हसले.”

त्या संध्याकाळी मला गुंडाळलं गेलं. लेकीने मला टाकून दिलं नाही, वापरलंही नाही. घरी नेऊन कपाटावर ठेवलं. तो टेस्टर मात्र आता तिच्या पर्समध्ये असतो. कुणाकडेही गेली की ती आधी सॉकेट बघते. “आल्या तपासनीस बाई!” असं नणंद चिडवते. ती हसते आणि खोचून बघतेच.

मित्रांनो, तुमच्या घरची अर्थिंग वायरमनला बोलावून तपासून घ्या. घर जुनं असेल, खोदकाम झालं असेल, फरशी बदलली असेल, तर नक्कीच घ्या. स्वतः तारांना हात घालू नका. आणि एखादी वस्तू एका घरात चालली, म्हणून दुसऱ्या घरातही चालेल असं धरून चालू नका.

पण एक काम वायरमनचं नाही, ते तुमचं आहे. तुमचंही कुणीतरी एकटं राहत असेल. आज त्यांना फोन करा. ‘जेवलात का, झोपलात का’ हे तर विचाराच. पण बोलता बोलता ते म्हणाले, की नळाला हात लावला की कसंसंच होतं, फ्रिज जरा चावतो, पायाला झिणझिण्या येतात, तर ‘काही नाही हो, होतं असं’ म्हणू नका. ‘कधी होतं?’ असं विचारा. मूल रडू दे, दूध उतू जाऊ दे. उत्तर पुरं होईपर्यंत फोन ठेवू नका.