सासऱ्याला थांबवायचं कसं

विमानाला स्वतःहून मागे सरकता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. एवढं मोठं धूड, समुद्र ओलांडून जाणार, पण जागेवरून निघायचं म्हटलं की कुणीतरी ढकलावं लागतं. ते ढकलणारा मी, वागिमान. जावा बेटावरच्या आमच्या विमानतळावर एकतीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून एकाही विमानाला ओरखडा उठला नव्हता. हे मी भेटेल त्याला सांगायचो. जो भेटत नसे त्याला गाठून सांगायचो.

मग माझी सून वेनिंग तिथेच नोकरीला लागली.

ढकलताना ट्रॅक्टरवाल्याला पंखाचं टोक आणि त्यामागची जागा नीट दिसत नाही. म्हणून टोकाशी एक माणूस चालतो, हातात दोन केशरी दांडे घेऊन. दांडे कमरेशी धरलेले आहेत तोवर चला. डोक्यावर दांड्यांची फुली झाली की जागच्या जागी थांबा. काम एवढंच. माझा मुलगा तेगुह जहाजावर असतो, वर्षातले दहा महिने पाण्यात. "घरात बसून मी टेंपेच्या किती वड्या तळू, बापाक?" असं वेनिंगने मला, म्हणजे तिच्या 'बाबां'ना, फार अदबीने विचारलं, म्हणून मीच वर शब्द टाकला. तीन महिने उमेदवारी, नंतर कायम. पोरगी इतकी खूश होती की गणवेशाला रोज दोनदा इस्त्री करायची.

दुसऱ्याच महिन्यात, भर दुपारी, घोळ झाला.

मी एक भरलेलं विमान मागे ढकलत होतो. शेजारी दुसरं विमान शेपूट बाहेर काढून उभं होतं. फट कमी होतेय हे वेनिंगला दिसलं. आता फुली करायची. पण ट्रॅक्टरवर कोण, तर सासरा! आमच्याकडे थोरांपुढे ताठ उभं राहून, हात डोक्यावर नेऊन हुकूम सोडायची रीत नाही. घरात माझ्यासमोरून जायचं झालं तरी ती कमरेत वाकून, उजवा हात जमिनीकडे धरून जाते. तिथेही तिने तेच केलं. दांडे खाली घेतले, वाकली आणि "माफी असावी, बापाक, जरासं..." असं पुटपुटत माझ्याकडे निघाली. इंजिनं सुरू झाली नव्हती हे नशीब. त्या इंजिनाच्या आड वाकलेली सून मला दिसेनाशी झाली. पुढच्या क्षणी पत्र्याचं कपाट फरशीवरून ओढावं तसा कर्रकन आवाज आला.

आमच्या विमानाचा पंख चेपला, शेजारच्याची शेपूट फाटली. खरचटलं कुणालाच नाही. एकशे साठ प्रवासी खाली उतरले, त्यांना भाताचे डबे वाटले आणि त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतले. त्या फोटोंत मी अगदी चोरासारखा दिसतो.

चौकशीला आमच्या मुख्य बाई, इबू रेतनो, बसल्या होत्या. बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यापुढे वैमानिकही टोपी काढून उभे राहतात. मी जबाबात लिहिलं, 'इशारा मिळाला नाही.' वेनिंगने लिहिलं, 'चूक माझी.' इबूंनी दोन्ही कागद वाचले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"गुरुवारी चाचणी," महिनाभराच्या चौकशीनंतर त्या वेनिंगला म्हणाल्या. "रिकामं विमान, तोच ट्रॅक्टर, तोच सासरा. मागे सामानाच्या गाड्या उभ्या करते. वेळेत थांबवलंस तर नोकरी राहील. नाही तर घरी टेंपे आहेतच."

घरी मी तालीम सुरू केली. अंगणात हातगाडी घेऊन मी मागे मागे जायचो आणि वेनिंगने भाताचे दोन लाकडी चमचे घेऊन मला थांबवायचं. पहिल्या वेळी मी केळीच्या झाडावर आदळलो. दुसऱ्या वेळी कोंबड्यांच्या खुराड्यावर.

"अगं, फुली कर की!"

"करतेच आहे, बापाक."

"ही फुली? नमस्कार वाटतोय तो!"

"तुमच्या डोक्यापेक्षा हात वर गेले की मला कसंतरीच होतं, बापाक. आपली काही हरकत नसेल तर आपण आपणहूनच थांबाल का?"

पायरीवर शेंगा सोलत बसलेली माझी बायको सार्मी हसून हसून लाल झाली. तिने चमचे हिसकावले, डोक्यावर फुली केली आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडली, "अहो, थांबा! डोळे काय उशीखाली ठेवून आलात?"

मी जागच्या जागी थांबलो. तीस वर्षांची सवय.

"बघ, इतकं सोपं आहे," ती सुनेला म्हणाली. मग शेंगा पुन्हा मांडीवर घेत माझ्याकडे वळली. "पण मला एक सांगा. टोकाचा माणूस दिसेनासा झाला की आपण थांबायचं, हे सगळ्यांना तुम्हीच शिकवता ना? मग त्या दिवशी का नाही थांबलात?"

"चहा दे."

"चहा देते. उत्तर द्या."

मी चहा न पिताच उठलो. उत्तर मला ठाऊक होतं. सून दिसेनाशी झाली तेव्हा मनात आलं होतं की, हिच्यासाठी मी थांबायचं? मी, वागिमान? मनाची लाज वाटली की मी चिडतो, तसा त्या संध्याकाळी सगळ्यांवर चिडलो.

त्यातून मी एक तोड काढली. गुरुवारी सकाळी लवकर जाऊन डांबरावर खडूने बारीक रेघ मारली. पुढचं चाक रेघेवर आलं की मी आपणहूनच ब्रेक लावणार. पोरगी फुली करो की नमस्कार करो, नोकरी वाचणार. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

चाचणी सुरू झाली. इबू रेतनो छत्री घेऊन उभ्या. वेनिंग डाव्या पंखाशी, चेहरा उकडलेल्या भातासारखा पांढरा. मी ढकलायला लागलो आणि नजर त्या रेघेवर लावली. फक्त रेघेवर. चाक अजून चांगलं दहा पावलं लांब होतं.

"वागिमान! थांब!"

एकतीस वर्षांत त्या विमानतळावर मला अशी कुणी हाक मारली नव्हती. बापाक नाही, माफी नाही, नुसतं नाव. मी मान वर केली. वेनिंग ताठ उभी होती, दांड्यांची फुली डोक्याच्या वर, वितभर उंच झाल्यासारखी दिसत होती. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

आमच्या विमानाच्या मागून पंख्यांचं एक छोटं विमान वळलं. ते बेटांवरून चाळीस माणसं घेऊन नुकतंच उतरलं होतं आणि वैमानिकाने कोपरा जवळून काढला होता. त्याचा पंख आमच्या पंखाच्या टोकापासून हातभर अंतरावरून गेला. खिडकीतल्या एका आजीबाईंनी मला हात केला. मला परत हात करता आला नाही, हात स्टिअरिंगला चिकटले होते.

इबू रेतनोंनी छत्री मिटली. वेनिंग दांडे टाकून धावत आली आणि माझ्या गुडघ्यांशी वाकून रडायला लागली, "मी आपलं नाव घेतलं, बापाक, मी आपलं नाव घेतलं!"

"घेतलंस म्हणून ती आजी घरी जाईल," मी म्हणालो.

इबूंनी जबाबाचा कागद पुढे केला. मी आजचं लिहिलं, खडूच्या रेघेसकट. मग खाली मागच्या महिन्याचंही लिहिलं: 'माणूस दिसेनासा झाला होता. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. चूक माझी.' इबूंनी वाचलं. "या एका ओळीची महिनाभर वाट बघत होते," त्या म्हणाल्या. वेनिंगला तिथल्या तिथे कायम केलं. मला महिनाभर ट्रॅक्टर बंद, आणि त्या महिन्यात पायी, दांडे घेऊन, पंखाशी चालायचं.

सोमवारी मी उजव्या पंखाशी उभा राहिलो. वेनिंग डाव्या पंखाशी. ट्रॅक्टरवर मास कार्तो, मास म्हणजे दादा. दोन वर्षांनी माझ्याहून थोर, मला हे काम शिकवणारा, आजही मी त्याच्यासमोरून वाकून जातो. विमान हललं. माझ्या बाजूला कुणीतरी शिडी विसरलं होतं आणि पंख सरळ तिच्याकडे निघाला. फुली करायला हवी होती. हात छातीपर्यंत गेले आणि तिथेच अडकले. कंबर आपोआप वाकायला लागली, आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "माफी असावी, मास, जरासं..."

तेव्हा कुठे मला कळलं की त्या दुपारी माझी सून किती जड ओझं उचलायला निघाली होती.

मी कंबर सरळ केली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "कार्तो! थांब!"