ठोकळ्याची घासलेली कड

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी कितीही गोड बोलले तरी मला त्यात कुठेतरी पाणी मुरताना दिसते. भिंत कितीही देखणी असली तरी तिच्यापाशी लोंबून पाहिल्याशिवाय मी तिचे कौतुक करत नाही. मला दोष देऊ नका. मी एक जुना ओळंबा आहे आणि शंका घेणे हेच माझे काम आहे.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. फुटके पितळी नळ, मोडक्या कड्या आणि एक चेपलेली घंटा वितळवून त्याने मला घडवले. मग माझ्या गळ्यात दोरी आली आणि दोरीबरोबर आला माझा जोडीदार, लाकडाचा चौकोनी ठोकळा. दोरी त्याच्या मधल्या भोकातून जाते. ठोकळ्याची एक कड वर भिंतीला टेकवायची आणि मला खाली सोडायचे. आम्ही दोघे रुंदीला अगदी सारखे, म्हणून भिंत सरळ असली की मी तिला जेमतेम शिवून थांबतो. भिंत वरून बाहेर झुकली असेल तर माझ्यात आणि तिच्यात फट पडते. भले भले गवंडी त्या फटीला घाबरतात.

मला विकत घेतले ते थोरल्या गवंड्याने. त्याला थोरला म्हणायचे, कारण त्याचा धाकटा भाऊही गवंडीच होता आणि दोघे एकाच घरात राहत. थोरल्याचा हात मला पहिल्या दिवसापासून आवडला. तो मला घाईने कधी सोडत नसे. मी हलायचा थांबेपर्यंत तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. माझ्यात आणि भिंतीत फट दिसली की स्वतःची भिंतदेखील पाडायचा, आणि कुणी नाक मुरडले तर सरळ दुर्लक्ष करायचा.

मुकादमाला हे पटत नसे. कामे देणारा तोच आणि कामे काढून घेणाराही तोच. तो म्हणायचा, "अरे, सरळ म्हणजे तरी काय? दवाखान्याची भिंत वेगळी, गोठ्याची वेगळी. जागा बघून ठरवायचं असतं."

"दोन्हीकडे खाली कुणीतरी उभंच असतं की," थोरला म्हणायचा.

अशा बोलण्यामुळे त्याचा दबदबा फार वाढला. थोरल्याने मान डोलावली की मुकादम पुन्हा तपासायचा नाही. लोक माझेही कौतुक करत. मला ते ऐकून बरे वाटे, पण मनात पाल चुकचुकायची. माणसांनी तपासणे सोडून दिले की मला धडकी भरते.

मग थोरला तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच दिवसांत शिंपीणबाईच्या अंगणाची उंच भिंत धाकट्याने एकट्याने बांधली. धाकट्याचा हात वाईट नव्हता, पण तो उतावळा होता. याआधी त्याची एक भिंत पाडावी लागली होती. तेव्हा मुकादमाने सगळ्यांसमोर त्याला बजावले होते, "आणखी एक भिंत पाडायला लागली तर थापी ठेवायची आणि दुसरा धंदा बघायचा." धाकट्याला दुसरे काहीच येत नव्हते. तो हसून गेला, पण घरी येऊन जेवला नाही.

ताप उतरल्यावर थोरला ती भिंत लांबून बघून आला. संध्याकाळी आमच्या हत्यारांच्या पिशवीतून ठोकळा बाहेर गेला आणि जरा वेळाने परत आला. त्याला ताज्या लाकडाचा वास येत होता. पिशवीच्या तळाशी थोडा भुसाही पडला. मित्रांनो, मी लगेच सावध झालो. ठोकळ्याची एक कड कुणीतरी घासली होती. कड घासली की दोरी भिंतीच्या जवळ सरकते आणि झुकलेल्या भिंतीची फट दिसेनाशी होते. हे कुणी केले? मला धाकट्याचा संशय आला. दुसरे कोण असणार? मी मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोललो.

दुसऱ्या दिवशी भिंत तपासायला सगळे जमले. थोरल्याने ठोकळा हातात घेतला. कड चाचपली नाही, पाहिली नाही, नेमकी घासलेली बाजू भिंतीला लावली आणि वरून अंगठ्याने झाकली. तेव्हा मला सगळे कळले. ज्याच्यावर मी कधीच संशय घेतला नव्हता, असा जगात एकच माणूस होता.

मी भिंतीला जेमतेम शिवून थांबलो.

"फट नाही," थोरला म्हणाला. मुकादमाने मान डोलावली.

शिंपीणबाई खुशीत आली. "तुम्ही बघितलं म्हणजे झालं. उद्यापासून मशीन इथंच मांडते. भिंतीकडेला उजेड बरा येतो."

धाकटा आधी चकित झाला, मग त्याचा चेहरा उजळला. पण मशीनचे नाव निघाले आणि तो भिंतीच्या माथ्याकडे बघत राहिला. आपण काय बांधले आहे ते त्याला ठाऊक होते.

"दादा, दे जरा इकडं."

"झालंय ना आता," थोरला म्हणाला. पण धाकट्याने ठोकळा त्याच्या हातातून काढून घेतलाच. त्यावरून बोट फिरवले, भावाकडे पाहिले, आणि ठोकळा उलटा करून दुसरी कड भिंतीला लावली. मी झुललो, थांबलो, आणि फट पडली. करंगळी सहज आत जाईल एवढी.

"हे काय?" मुकादम ओरडला.

"मघाशी वाऱ्यानं हलला असेल ओळंबा," धाकटा म्हणाला. "भिंत कललीय. चूक माझी आहे. पाडून पुन्हा बांधून देतो, मग थापी ठेवतो."

वारा नव्हता, मित्रांनो. अंगणातले पान हलत नव्हते. थोरल्याने भावासाठी एक खोटे केले होते आणि धाकटा भावासाठी दुसरे बोलला. दोन्ही खोटी मायेची होती, मग दोन्ही सारखीच का? मी यावर पुष्कळ विचार केला. पितळेच्या डोक्याला एवढेच कळते की पहिल्या खोट्याखाली एक बाई मशीन घेऊन बसणार होती आणि तिला कुणी विचारले नव्हते. तरीही दुसरे खोटे मला गोड लागले नाही, कारण थोरला गप्प राहिला. तेव्हा मला त्याचा फार राग आला.

धाकट्याने भिंत पाडली. तो नवी बांधत होता तेवढे दिवस थोरल्याने मला खुंटीला टांगून ठेवले. माझ्याकडे तो नजर वर करून बघेना. आज मी तसाही खुंटीलाच असतो. आता भिंतीवर लाल रेघ उमटवणारे यंत्र आले आहे. रेघ कशी उमटते ते मला दिसत नाही, म्हणून मला त्याचाही संशय येतो. माझी दोरी कुजली आहे. जमले तर ती बदला, मला पुसा, मी अजून खरेच सांगेन. पण माझी मोठी विनंती निराळी आहे. भिंत आपल्या माणसाची असेल तेव्हा ठोकळा आपल्या हातात ठेवू नका. जो तिच्याखाली बसणार आहे त्याच्या हातात द्या.

हे मी थोरल्याकडूनच शिकलो. नवी भिंत उभी राहिल्यावर त्याने मला खुंटीवरून काढले आणि अंगणात नेले. मुकादम होता, धाकटाही होता. थोरल्याने ठोकळा शिंपीणबाईपुढे धरला.

"आधी हा बघा, बाई."

"तुम्ही आहात म्हटल्यावर मी कशाला बघू?"

"मी आहे म्हणूनच बघा. त्या दिवशी वारा नव्हता. ठोकळा मी घासला होता."

बाईने ठोकळा हातात घेतला आणि त्याच्या एकेका कडेवरून सावकाश बोट फिरवले.