तिसरं पान आखूड

“मेलेल्या माणसाला पेटंट मिळतं का?”

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, बाकावरून उठून, सगळ्या अकरावीसमोर. पण पैज माझ्या मैत्रिणींची, मेरले आणि नूरानची होती. हरले असते तर दोघींना आठवडाभर फ्राईज खिलवावे लागले असते, केचप आणि मेयॉनीज दोन्ही घालून. आणि मी हरत नाही. गेल्या वर्षापर्यंत नुसता हात वर करायचा म्हटलं तरी मला घाम फुटायचा. या वर्षी काय झालंय कोण जाणे, तोंड एकदा उघडलं की मिटतच नाही.

त्या दिवशी शाळेत वेगवेगळ्या व्यवसायांची माणसं बोलायला आली होती. एक दंतवैद्य, एक अग्निशामक दलातले काका आणि पेटंट वकील फ्राऊ डॉक्टर टीमान. टीमानबाई माझ्या आईच्याच वकील, म्हणून मैत्रिणींना जास्तच चेव चढलेला. माझ्या मेलेल्या मामाचा अर्ज दोन वर्षं म्युनिकच्या पेटंट कार्यालयात पडून आहे हे दोघींना चांगलं ठाऊक होतं.

“मिळतं की,” टीमानबाई हसून म्हणाल्या. “शोध लावणाऱ्याच्या नावापुढे ‘मृत’ असं छापतात, एवढंच. हक्क वारसांकडे जातो. माणूस मेला म्हणून शोध मरत नाही.”

“मग शोध मरतो कशानं?”

हे मात्र मी माझ्या मनानं विचारलं. पैजेत नव्हतं. कशाला विचारलं!

“दाखवल्यानं,” त्या म्हणाल्या. “अर्ज करायच्या दिवसाआधी जगात कुठंही उघडपणे दाखवला, की संपला. तो नवा राहत नाही. म्युनिकचा परीक्षक आधी तेच धुंडाळतो. हे पूर्वी कुणाच्या नजरेला पडलंय का? बघणारा प्राध्यापकच हवा असं काही नाही. वर्तमानपत्रात छापा, जत्रेत मांडा, नाहीतर शाळेतल्या टेबलावर ठेवा. स्वतः शोध लावणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी दाखवला तरी तेच. अमेरिकेत वर्षभराची सूट मिळते. आपल्याकडे ती नाही.”

‘शाळेतल्या टेबलावर’ ऐकून सगळे हसले. मी खाली बसले.

“काय गं इंका, पांढरीफटक पडलीस,” नूरान कुजबुजली. “भूत दिसलं की काय?”

दिसलं नव्हतं. ऐकू आलं होतं. कानाच्या अगदी आत, बारीक, न थांबणारं. स्स्स्स्.

*

मामाचं नाव एगॉन. म्युलहाइममध्ये रूर नदीच्या काठाला त्याचा आणि आईचा कारखाना. कारखाना म्हणजे अकरा माणसं, सहा यंत्रं आणि कॉफीचा जळका वास. तिथं गॅस टर्बाइनच्या दांड्याची सीलं बनतात. टर्बाइनचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, बाहेरचं कवच मात्र जागचं हलत नाही. या दोघांमध्ये फट ठेवावीच लागते, आणि फट म्हटली की तापलेला वायू तिथून पळणारच. सील त्याला अडवतं. पण सील दांड्याला घासलं तर जळून जातं. म्हणून मामा म्हणायचा, “गळती बंद करायची नसते, इंके. तिला शिस्त लावायची असते.”

त्यानं लावलेली शिस्त अशी: पातळ पत्र्याची शेकडो पानं, एकाला एक खेटून, दांड्याभोवती तिरकी बसवलेली. दाब वाढला की पानं आपली आपण केसभर उचलली जातात आणि दांड्याला न शिवता तरंगत राहतात. अशी पानं दुसऱ्यांनीही केली होती. पण ती थरथरायची आणि तुटायची. मामानं प्रत्येक तिसरं पान आखूड कापलं आणि थरथर थांबली. का थांबली हे कळायला त्याला सहा वर्षं लागली.

तपासणीच्या यंत्रावर हवा सोडून तो गळती कानानं ऐकायचा. लाकडी दांडकं घ्यायचं, एक टोक यंत्राच्या कवचाला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. आकडे दाखवणारी यंत्रं होती की शेजारी. “ती खरं बोलतात,” म्हणायचा, “पण उशिरा बोलतात.”

ऑक्टोबरातला गुरुवार होता. मी पंधरा वर्षांची. शाळेतून तडक कारखान्यात गेले, तर मामा स्टुलावर बसलेला, कानाला दांडकं, डोळे मिटलेले, हवा चालू. स्स्स्स्. मी त्याच्या मागच्या पेटीवर बसून बोलत सुटले. गणितात चार आलेत, आईला सांगू नकोस, वर्गात मी तोंडच उघडत नाही, कुणी माझ्याशी बोलत नाही, मामा, माझ्यात काहीतरी कमी आहे का? शाळेत कुणाशी एक शब्दही न बोलणारी मी, मामासमोर दहा मिनिटं अखंड बोलले. मध्ये तो हुंकार देतो असंही मला वाटलं.

मग फोरमन पिऑन्टेककाका आले आणि त्यांनी हवेचा कॉक बंद केला. शिसणं थांबलं. दांडकं कानावरून घसरून खाली पडलं. मामा तसाच कललेला राहिला.

डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल.

*

पाच आठवड्यांनी शाळेचा खुला दिवस होता. आईला त्या दिवसांत मामाचं टेबल बघवत नव्हतं. त्याचा खण बंद तो बंदच. खणात काय आहे ते मला माहीत होतं, कारण मामा आकृत्या काढायचा तेव्हा मी शेजारी बसून केक खायचे. विज्ञानाच्या खोलीत एक टेबल रिकामं आहे, कुणी घेईल का, असं विज्ञानाच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला.

दांडा म्हणून स्वयंपाकघरातलं मोठं लाटणं घेतलं. फायलींची पारदर्शक कव्हरं कापून पानं केली. वायू म्हणून केस वाळवायचा पंखा. अंगात मामाचा तपकिरी कामाचा डगला, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. आणि येईल त्याला सांगत होते, “हे बघा, प्रत्येक तिसरं पान आखूड! हे माझ्या मामानं शोधलंय. आता पंखा लावते. बघा, थरथरतंय का? नाही ना?” लोक थांबत होते, ऐकत होते. मी बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. हिरव्या जाकिटातला एक माणूस तर परत परत आला. “तिसरंच का?” त्यानं विचारलं. मी खुशीत सगळं सांगितलं. त्यानं फोटोही काढला. नदीपलीकडच्या मोठ्या टर्बाइन कारखान्यात असतो म्हणाला.

आई आली नव्हती. बाबा ट्राम चालवतात, त्यांची पाळी होती.

हे झालं सव्वीस नोव्हेंबरला. आईनं खण उघडला डिसेंबरात, आणि टीमानबाईंनी अर्ज केला सतरा डिसेंबरला. एकवीस दिवस. टीमानबाईंचं ऐकून वर्गात बसल्या बसल्या मी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. एकवीसच.

*

त्यानंतर ते शिसणं माझ्या पाठीच लागलं. ट्रामचं दार उघडताना. वर्ग गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधून. आईच्या इस्त्रीतून. मी बोलत असले की गप्प असायचं. मी थांबले की सुरू. म्हणून मी थांबायचेच नाही. मेरले म्हणाली, “अगं श्वास तरी घे मध्ये!”

एका शनिवारी सकाळी मी कारखान्यात गेले. सुट्टी होती, फक्त पिऑन्टेककाका पुढच्या दाराशी हिशेबाला बसावं तसं वर्तमानपत्र उघडून बसलेले. मामाच्या यंत्राचा कॉक बंद होता, वरून तारेनं बांधलेला. तरी मागच्या खोलीत पाय ठेवला आणि आलंच. स्स्स्स्.

दांडकं अजून तिथंच टांगलेलं आहे. मी स्टुलावर बसले, एक टोक कवचाला, दुसरं कानाला. डोळे मिटायचा धीर होईना, पण मिटले. लाकडातून आवाज येत होता, दुरून कुणीतरी दात आवळून श्वास सोडावा तसा. रागाचा नव्हता. तेच जास्त भीतिदायक होतं. तो ऐकत होता. त्या दिवशी जसा माझं सगळं ऐकत होता असं मला वाटलं होतं, तसाच.

“मामा,” मी म्हटलं, “मी दाखवलं रे. तुझं मीच दाखवलं.”

आवाज थांबला नाही. कमीही झाला नाही.

“कोणाशी बोलतेस गं पोरी?” दारातून पिऑन्टेककाका.

“काका, हवा चालू आहे का?”

“दोन महिने कॉम्प्रेसरच बंद आहे.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग टोपी डोक्यावरून काढून हातात धरली. “तुलाही येतो होय आवाज? मला वाटलं, माझे कान गेले.”

आम्ही दोघंही लगबगीनं बाहेर आलो. त्यांनी दाराला कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं.

*

पुढच्याच आठवड्यात म्युनिकहून पत्र आलं. परीक्षकानं आधी तीन जुने शोध हरकत म्हणून पुढे केले होते; एक जपानी, दोन अमेरिकन. आता लिहिलं होतं की आखूड तिसऱ्या पानासारखं पूर्वी कुठंही आढळत नाही, पेटंट द्यायचं ठरत आहे, मजकूर मान्य असल्याचं कळवावं. आईनं पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. परीक्षक माणूस कोरडा, पण एका वाक्यात त्यानं उपाय ‘अनपेक्षित’ आहे असं म्हटलं होतं, आणि त्या शब्दावर आई रडली. बाबांनी लोण्याचा केक आणला. नदीपलीकडचा मोठा कारखाना पेटंट हाती येण्याची वाट बघत होता. त्यांच्याशी करार झाला की आमच्या अकरा माणसांना पुढची दहा वर्षं काम. नाहीतर वर्ष काढणंही अवघड.

“एगॉनचं नाव छापून येणार,” आई म्हणाली. “कायमचं.”

मी केकची बशी बाजूला सारली. मी सांगून टाकलं. टेबल, लाटणं, पंखा, हिरवं जाकीट, तारीख. सगळं.

बाबा आधी हसले. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखं काहीतरी रंगवून सांगतेय. आई हसली नाही. तिनं तिथूनच टीमानबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

बाईंनी दोन्ही तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग बाई म्हणाल्या, “आपल्याकडे अर्जदारानं स्वतःहून सांगायलाच हवं असा नियम नाही. परीक्षकानं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण शाळेच्या टेबलांबद्दल तो विचारणार नाही.”

“म्हणजे गप्प राहिलं तर चालेल?” बाबांनी विचारलं.

“आज चालेल. उद्या कुणी पुरावा घेऊन उभा राहिला तर पेटंट रद्द होईल. फोटो आहे का कुठं?”

होता. शाळेच्या संकेतस्थळावर, खुल्या दिवसाच्या फोटोंत. तारखेसकट.

“एक गोष्ट सांगते,” टीमानबाई म्हणाल्या. “अर्जात पानांच्या मागे बसणारी, भोकं पाडलेली गोल कडी पण आहे. ती मॉडेलात होती?”

“नाही,” मी म्हटलं. “मला ती करताच आली नाही.”

“मग तेवढं नवं आहे. आता कळवलं तर कदाचित कडीसकटचं, लहानसं पेटंट उरेल. पण मोठ्या कारखान्याला ते पुरेल का, ते त्यांनाच विचारावं लागेल.”

आईनं फोन ठेवला. “लहानसं,” ती म्हणाली. “सहा वर्षं घालवली त्यानं.” मग माझ्याकडे न बघता, “उद्या शाळेत जा आणि तो फोटो काढून टाकायला सांग. तुझा फोटो आहे, तू सांगितलंस तर काढतील. कुणीही विचारलेलं नाही, इंका. कुणीही.”

*

मी गेले. खरंच गेले. विज्ञानाच्या बाईंनी संगणकावर फोटो उघडला आणि म्हणाल्या, “हा काढायचा? किती छान आहे गं!”

फोटो कुणा उंच माणसानं घेतला असावा, त्या हिरव्या जाकिटवाल्याएवढ्या, वरून खाली. माझा चेहरा पंख्यावर वाकलेला, केसांनी झाकलेला, अजिबात दिसत नाही. दिसतो तो तपकिरी डगला, त्याचे वाकलेले खांदे, मान एका बाजूला कललेली, कान टेबलाकडे. त्या फोटोत मी नाहीच आहे. मामा आहे. ऐकतोय. आणि समोर पानं, मोठी, मोठी, आखूड, मोठी, मोठी, आखूड, अगदी स्वच्छ मोजता येतील अशी.

“काढू ना?” बाईंचं बोट माऊसवर.

खोलीत रेडिएटर होता, पण तो बंद होता. मी हात लावून बघितला. थंडगार. तरीही शिसत होता.

“नको,” मी म्हटलं. “मला त्याची एक छापील प्रत द्या. तारीख दिसेल अशी.”

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात मान्यतेचं पत्र समोर ठेवून बसली होती, पेन हातात, टोपण अजून लागलेलं. बाबा गणवेशातच उभे होते, बटाटे सोलत.

“काढला?” आईनं विचारलं.

“नाही.”

“इंका.”

“ऐक ना आई. बाबा, तूही. आई, अर्जदार तू आहेस, तू गप्प राहू शकतेस, टीमानबाई म्हणाल्याच. पण मी अर्जदार नाही. मी वाचलंय, म्युनिकला कुणीही लिहू शकतं, अगदी कुणीही, परीक्षकाला ते वाचावं लागतं. निनावी लिहिलं तरी चालतं.”

बाबांच्या हातातला बटाटा पाण्यात पडला. “अगं, अकरा माणसं आहेत त्या कारखान्यात! पिऑन्टेकला निवृत्त व्हायला तीन वर्षं आहेत!”

“माहीत आहे. आणि दोन वर्षांनी, सगळ्यांनी त्या करारावर भिस्त ठेवल्यावर, हिरवं जाकीट येऊन म्हणालं की हे मी शाळेत बघितलंय, मग?”

“तो कधीच येणार नाही,” आई म्हणाली, पण तिचा आवाज अर्ध्यातच विरला. माझ्या हातातल्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं होतं. तिनं तो ओढून घेतला, आणि खांद्यांवरून, मानेवरून बोट फिरवत राहिली, जणू कापड चाचपत होती.

मी थांबले नाही. थांबले असते तर ते सुरू झालं असतं.

“मी आज संध्याकाळी परीक्षकाला पत्र लिहिणार आहे. फोटो, तारीख, मी काय काय बोलले ते सगळं. आणि निनावी नाही, आई. खाली माझं नाव घालणार आहे.”