सगळ्यांचा डोळा बावीस नंबरवर

पाठीवर बावीस नंबर असलेला जेरिको सिम्स अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू पोटाशी धरून पुन्हा मातीत गेला आणि त्याच्यावर हॅरलन गावची चार पोरं पडली. सगळ्यांत शेवटी उठलेल्या वायट क्रेन्शॉनं त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. "काय सिम्ससाहेब, पळायला आला होतात ना? मग लोळताय कशाला?"

जेरिको धापा टाकत उठला. उत्तर द्यायला छातीत हवा लागते.

हॅरलनच्या कोचनं एकच गोष्ट ठरवून आणली होती. बाकी कुणीही पळू दे, बावीस नंबर हलता कामा नये. त्यामुळे त्यांची जवळजवळ सगळी पोरं त्याच्यासमोर दाटीवाटीनं उभी आणि मागचं-कडेचं मैदान ओस. हंगामभर अख्ख्या पूर्व टेक्सासला धूळ चारणारा हा पोरगा आज जागच्या जागी चिरडला जात होता. आणि नेमका आजच हिरव्या टोपीतला कॉलेजचा माणूस त्याला पाहायला आला होता. त्याला खेळ आवडला तर शिष्यवृत्ती, नाहीतर काकाच्या लाकूडगिरणीत फळ्या उचलणं. दुसरं कुणी येणार नव्हतं, आणि शाळेचं हे शेवटचं वर्ष होतं.

घड्याळात आता एकाच खेळीपुरता वेळ उरला होता. जेरिकोचा संघ चार गुणांनी मागे, आणि शेवटची रेषा दोन ढांगांवर; ती चेंडूसह ओलांडली की सहा गुण. त्यांच्या कोच प्रुइटनी कडेवरून खूण केली: चेंडू जेरिकोला. आपल्या पोरांच्या घोळक्यात उभ्या जेरिकोनं मांड्यांवर हात पुसले आणि सहज समोर पाहिलं. वायट त्याच्या हातांकडे बघून हसत होता.

जेरिकोच्या एकदम लक्षात आलं. वायट संध्याकाळभर जेरिकोच्या दर खेळीआधी ओरडत होता, "याच्याकडेच येतोय!" आणि एकदाही चुकला नव्हता. चेंडू आपल्याकडे येणार असला की आपण हात पुसतो, हे आत्तापर्यंत जेरिकोला स्वतःलाच माहीत नव्हतं. हॅरलनवाल्यांनी मात्र त्याचे जुने सामने पुन्हा पुन्हा पाहून ते हेरलं होतं.

तरी त्याला वाटलं, मान खाली घालून घुसावं. दोन ढांगा तर आहेत. टोपीवाल्याला काहीतरी दिसू दे. मग त्याला समोरची पोरांची भिंत दिसली आणि स्वतःचाच राग आला.

"कोल्बी," तो चेंडू वाटणाऱ्या क्वार्टरबॅकला म्हणाला, "मला दिल्यासारखं कर, देऊ नकोस. तू डावीकडून सूट."

"डोकं फिरलंय का तुझं? कोच मला सोलून काढेल. आणि तो टोपीवाला तुला बघायला आलाय, भावा."

"माहितीये. गप ऐक."

कोल्बीनं शेवटी मान हलवली. तो एक वर्षानं लहान, अजून मिसरूडही न फुटलेला. जेरिकोला त्याचा हेवा वाटला, चक्क हेवा.

सगळे रांगेत उभे राहिले. जेरिकोनं दोन्ही हात मांड्यांवर पुसले, सावकाश, वायटला नीट दिसतील असे.

"याच्याकडेच!" वायट किंचाळला.

चेंडू उचलला गेला. कोल्बीचा हात जेरिकोच्या पोटाशी आला आणि रिकामाच निघून गेला. जेरिकोनं दोन्ही हातांनी पोटाशी काही नसलेलं घट्ट आवळलं आणि जीव खाऊन भिंतीत घुसला. खांदे, गुडघे, कोपर, सगळं एकदम आदळलं. तो आडवा झाला तरी वरून पोरं पडतच होती. वायटची बोटं त्याच्या पोटाशी चाचपत होती.

"चेंडू कुठंय? अरे, चेंडू कुठंय?"

तेवढ्यात जेरिकोच्या गावच्या प्रेक्षकांचा कठडा आरडाओरड्यानं हादरला. रेषेपलीकडे कोल्बी एकटाच उभा होता. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

पोरांनी कोल्बीला खांद्यावर घेतलं. जेरिको लंगडत कडेला आला, तेव्हा हिरवी टोपी कठड्याशी उतरून आली होती.

"आज तुला फार जखडलं रे त्यांनी," तो माणूस म्हणाला. त्याची नजर मैदानावरच होती. "तो पळाला तो पोरगा कोण? काय थंड डोकं आहे! नाव काय त्याचं?"

जेरिकोला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं. जीभ उचलली, पण सांगणार काय?

"कोल्बी हॅचर, सर," तो म्हणाला. "अजून एक वर्ष आहे त्याचं."

जाळीचं हेल्मेट डोक्यावरच होतं, ते बरं झालं; डोळे दिसले नाहीत.