चन्नम्माच्या हातातला बल्ब

"पेटला! पेटला!"

मारुतीच्या पारापुढं जमलेलं अख्खं गाव ओरडलं. चन्नम्माच्या मुठीत बल्ब लखलखत होता. वायर नाही, होल्डर नाही, आणि भर सकाळी म्हातारीच्या हातात उजेड!

भानामती शोधायला गावानं बोलावलेल्या पिराजी महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. "बघा! बारा जणांच्या हातात मेलेला दिवा हिच्या हातात जिता झाला. बारा वर्सं मसणात बसून शिद्ध केलाय ह्यो दिवा. भानामती करणारा हात लागला की देवी उजेड दावती!"

बारा वर्षं मसणात बसलेल्या महाराजांच्या दाढीचा कलप मात्र कालचाच होता. पण ते बघायला सवड कुणाला होती?

पहिली काठी बालाजीनं मारली.

हुलसूरच्या अलीकडच्या त्या गावात आठवड्याभरात तीन घरांना आग लागली होती. तिसरं घर बालाजीचं. त्यात त्याची अकरा वर्षांची पिंकी होरपळली आणि आता दोन्ही हातांना पट्ट्या बांधून बिदरच्या दवाखान्यात पडली होती. चूल पेटलेली नसताना भरदुपारी कोनाड्यातून जाळ उठला. मग भानामतीच, दुसरं काय! आणि तिन्ही घरी आगीआधी कोण येऊन गेलं होतं? दही विकणारी चन्नम्मा. ती रोज गावातल्या सगळ्याच घरी जाते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"माझ्या लेकरानं काय केलतं गं तुझं?"

दुसरी काठी दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बालाजीला ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगायचं, त्याला बरं वाटलं. म्हातारी कोसळली. बल्ब घरंगळत गेला. मग ज्याला जमेल त्यानं लाथ घातली. तिच्या तोंडातून रक्त आलं.

"ना एनू माडिल्लप्पा! मी काय बी केलं न्हाई रे!"

"गाडीतलं पेट्रोल काढा," महाराज म्हणाले. "हिचे हातच जाळायला पायजेत."

बालाजी मोटारसायकलकडं वळला, तोच गर्दी फाडून गावातलीच पंचशीला आत घुसली. हुलसूरच्या बसस्टँडवर ती पंखे, मिक्सर, बॅटऱ्या दुरुस्त करते. ती चन्नम्माच्या आडवी उभी राहिली.

"पोलिसास्नी फोन केलाय. आधी मला जाळा."

"तू आमाला शिकवायलीस व्हय?" गर्दीतला आप्पाराव गुरकावला. त्या 'तू'मध्ये जातीची जुनी घाण भरली होती ते सगळ्यांना कळलं, पंचशीलालाही. तिनं खाली पडलेला बल्ब उचलला आणि मुठीत धरला. बल्ब पेटला.

"आता बोला."

पुढची माणसं दोन पावलं मागं सरली. मग मागून कुणीतरी किंचाळलं, "ही बी तसलीच!" सणसणत दगड आला आणि तिचं कपाळ फुटलं. रक्त न पुसताच तिनं बल्ब बालाजीपुढं धरला.

"बालाजीअण्णा, तुमी धरा. काचंकडनं न्हाई, बुडाकडनं. ह्या दोन टिकल्या तळहातात दाबा."

"नको! वंश बुडंल!" महाराज बल्बवर झेपावले.

त्या झेपेनंच बालाजी चमकला. देवीचा दिवा एवढा खात्रीचा, तर महाराज घाबरायलेत कामून? त्यानं बूड मुठीत आवळलं.

बल्ब पेटला. ज्याची लेक भाजली त्या बापाच्याच हातात.

"आत सेल हाय," पंचशीला म्हणाली. "लाईट गेल्यावर जळणारा चार्जिंगचा बल्ब. हुलसुरात कुठं बी मिळतोय. टिकल्या हातानं जोडल्या की पेटतो. बारा जणांला ह्येनी काचंकडनं धरायला लावला, चन्नम्माअक्काला बुडाकडनं."

बल्ब हातोहात फिरला आणि सगळ्यांच्या हातात पेटला. आप्पारावानं तर इंगळ धरल्यासारखा टाकून दिला.

"मग आग कुणी लावली?" बालाजीनं विचारलं.

"कोनाड्यात काय होतं अण्णा?"

"पिंकीची बॅटरी. अभ्यासाची. चार्जिंगला लावलेली."

"सेल कुठला घातलाव?"

"बाजारच्या गाड्यावरचा," बालाजी म्हणाला. महिन्यापूर्वी तो तीच बॅटरी घेऊन पंचशीलाकडं गेला होता. सेल फुगलाय, अस्सल मागवते, आठ दिवस थांबा, असं ती म्हणाली होती. त्याला दम निघाला नाही. आठवडी बाजारातल्या गाड्यावरून त्यानं दोन हिरवेगार सेल आणले आणि मोबाइलवर बघून एक स्वतः बसवला. केवढा मिरवला होता तेव्हा!

"आमी बी त्याच गाड्यावरचा घेतलाव," पहिल्या जळक्या घरची सत्यभामाबाई हळूच म्हणाली. दुसऱ्या घरच्या माणसानंही मान डोलावली.

बालाजीनं दुसरा सेल डिकीतून काढून दिला. पंचशीलानं नखानं त्याचं हिरवं प्लास्टिक सोललं. आत निळं, खरवडलेलं जुनं प्लास्टिक आणि टोकाला गंज.

"भंगारातल्या लॅपटॉपचा मेलेला सेल. वरून नवं कातडं चढवलंय. चार्जिंगला लावला की आतल्या आत तापतोय आन् फुटतोय. घरचं काम घरी करा, मी कामून न्हाई म्हणू? पण ज्याचं दुकान न्हाई, बिल न्हाई, त्याचा सेल घेऊ नका. फुगला की काढून टाका."

गाव आता महाराजांकडं वळलं. सगळ्यात उंच काठी पुन्हा बालाजीचीच होती. पंचशीलानं ती वरच्या वर धरली.

"मघाशी बी तुमाला अशीच खात्री होती, अण्णा."

काठी गळून पडली. पोलीस आले, त्यांनी महाराजांना ताब्यात घेतलं. बालाजी चन्नम्माला उचलायला वाकला, तर ती मोडका हात छातीशी धरून मागं सरकली. "मुट्टबेड! हात लावू नको मला!" शेवटी दवाखान्यात न्यायला बायकांनीच तिला पोलिसांच्या जीपमध्ये घातलं.

संध्याकाळी दवाखान्यात पिंकीनं विचारलं, "अप्पा, आग कुणी लावली?"

थाप मारणं सोपं होतं. पण बालाजीनं खरं सांगितलं. "सेल खोटा होता, बाळा. आन् तो मीच बसवला."

"मग चन्नम्माअज्जीला कामून मारलास?"

सकाळी काठी धरलेला हात बालाजीनं मांडीखाली दडवला. तो प्रश्न त्या सकाळी पारापुढं उभ्या असलेल्या सगळ्यांनाच होता. तुमच्या गावात आग लागली, तर घरात कोण येऊन गेलं ते विचारत बसू नका. जळलं काय, ते आधी बघा.