बसची पहिली पायरी

“काका, मला पंखा दिसतोय. काकूंचा गुडघा कुठंय?” फोनमधून फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं.

काकांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. बारीकसारीक स्क्रू फिरवताना त्यांचा हात कधी हलला नाही, पण मोबाईल धरला की भंबेरी उडायची. त्यांनी फोन घाईने खाली वळवला. पलंगावर काकू पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी.

“दाबा टॉवेल. पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. सोडा.”

“झाले दहा वेळा,” काकू म्हणाल्या.

“सात झाले.”

“एकतीस वर्षं बसमध्ये माणसं मोजलीत मी. मला शिकवतेस?”

“माणसं बरोबर मोजली असतील, काकू. हे सातच.”

काकू कंडक्टर होत्या. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच गुडघेदुखीने उचल खाल्ली. “झीज आहे, पण ऑपरेशन इतक्यात नको, व्यायाम करा,” असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्यातलं ऐकलं एवढंच, की आपण झिजलो. मग एकदा बसची पायरी चढताना पायच उचलेना. मागे रांग खोळंबली, आतून कुणीतरी हात धरून ओढलं. पुढच्याच थांब्यावर काकू उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या. त्यानंतर अगदी गरज पडल्याशिवाय दुसऱ्या मजल्यावरून खाली येणंच त्यांनी टाकलं. बसमध्ये काय झालं ते त्यांनी काकांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते दवाखान्यातल्या पहिल्या भेटीत, गुडघा चाचपत “काय जमलं तर बरं वाटेल?” असं विचारणाऱ्या या मुलीला.

तिने ठरवून दिलं: पंधरा दिवसांनी एकदा दवाखान्यात, मधल्या दिवसांत फोनवर.

“फोनवर गुडघा बरा होणार? मग जेवायलाही फोनवरच वाढू दे,” काकू तेव्हा काकांना म्हणाल्या होत्या.

पण दवाखान्यात न दिसलेलं फोनवर दिसलं. काकू सोफ्यात खोल रुतायच्या आणि सगळा भार एका पायावर टाकून उठायच्या. “तो सोफा तुमचा वैरी आहे,” मुलगी म्हणाली. काकांनी त्याच दिवशी दुकानातली उंच खुर्ची घरी आणली. पुढच्या भेटीत मुलीने गुडघ्यावर हात ठेवून तो आत कसा झुकतो ते दाखवलं, सरळ ठेवायला शिकवलं. मग घरी फळीवर चढणं-उतरणं सुरू झालं. आधी एक फळी, नंतर एकावर एक दोन.

एकदा गुडघा सुजला. काकूंनी फोन पालथा घातला. “माझ्याच्यानं नाही व्हायचं आता.”

“आज चारच करू,” पालथ्या फोनमधून आवाज आला. “पण करू.”

काकूंनी फोन सुलटा केला. चार केले.

दहाव्या आठवड्यात दवाखान्याला निघताना काकांनी रिक्षाला हात केला.

“जाऊ द्या तिला,” काकू म्हणाल्या आणि थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

बस आली. काकूंनी दांडी धरली, चांगला पाय आधी वर ठेवला, गुडघा सरळ धरला आणि दुसरा पाय वर घेतला. मागोमाग काका चढले.

आतला तरुण कंडक्टर त्यांना ओळखत नव्हता. त्याने मान वर न करताच आवाज दिला, “आजी, दारात उभ्या राहू नका. पुढं सरका.”

काका त्याला काहीतरी सुनावणार होते. काकूंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि खुशीत पुढे सरकल्या.